मे महिन्यात न आटणारी विहीर : ठाण्यातल्या सोसायटीने आपलं भूजल कसं तपासावं

आमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर आहे. इमारती उभ्या राहण्याआधी इथे भाताची खाचरं होती, तेव्हाची. दर वार्षिक सभेत तिचं कौतुक ठरलेलं. "सगळ्या घोडबंदर रोडला टँकरची रांग लागते, पण आपली विहीर मे महिन्यातही हटत नाही!" मी पाण्याच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेली बाई. असलं वाक्य ऐकलं की मला कौतुकाआधी शंका येते. ऑक्टोबरपासून पाऊस नाही, खाली काळा पत्थर, शेजारचे बोअर कोरडे, मग आपल्याच विहिरीत पाणी येतंय कुठून?

उत्तर मिळालं ते सुट्टीत. निम्मी सोसायटी गावाला गेली होती. बागेचा पंप रोजच्याइतकाच चालू होता, तरी विहीर तीन आठवड्यांत दोन हात खाली गेली. माणसं परतली आणि पावसाचा थेंब पडायच्या आत पातळी पुन्हा वर आली. विहिरीला पाणी पुरवत होतो ते आम्हीच, आमच्या मोऱ्यांमधून आणि संडासांमधून. जमिनीखालची ड्रेनेज लाईन दोन ठिकाणी सांध्यात सुटलेली निघाली.

त्यानंतर आसपासच्या बऱ्याच सोसायट्यांनी बोलावलं. प्रश्न सगळीकडे तोच : "काकू, हा रिपोर्ट बघा, पाणी चांगलं आहे ना?" नुसता रिपोर्ट बघून त्याचं उत्तर देता येत नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, मग ते तपासायचं, आणि मग कशाला वापरायचं ते ठरवायचं. नव्याने कमिटीत आलेल्यांसाठी, किंवा बोअर असलेल्या इमारतीत नुकतंच घर घेतलेल्यांसाठी, हे काम मी करते त्याच क्रमाने खाली लिहिलं आहे.

आधी आपला खडक ओळखा

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही बसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकावर, वसलेली आहेत. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पत्थर. या पत्थराच्या अंगात पाणी फारसं मावत नाही. ते राहतं मुरुमात, आणि पत्थरातल्या भेगांमध्ये, जाळीदार थरांमध्ये, दोन थरांच्या सांध्यात. बोअर मारताना मध्येच तांबडी माती निघते ना, तो असाच दोन लाव्हाथरांमधला सांधा.

सांडपाण्याच्या दृष्टीने यातली मुख्य गोष्ट अशी, की भेग म्हणजे गाळणी नव्हे. वाळूतून पाणी कणाकणाने झिरपतं, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात बरेचसे जंतू मरतात. इस्रायलमध्ये तेल अवीव परिसराचं सांडपाणी आधी शुद्धीकरण केंद्रात घालतात, मग समुद्रकाठच्या वाळूत मुरवतात आणि काही महिन्यांनी विहिरींतून उपसून दक्षिणेकडच्या शेतीला देतात. युरोपातल्या काही देशांत पिण्याच्या विहिरीभोवती पन्नास दिवसांचं संरक्षित क्षेत्र आखतात, म्हणजे तिथलं पाणी विहिरीत पोचायला निदान पन्नास दिवस लागावेत. आपल्याकडे मुरूम पातळ असला आणि खाली भेगाळ पत्थर असला, तर तीच मजल पाणी एखाद्या दिवसातही मारू शकतं. "विहिरीपासून संडासाची टाकी ५० फूट लांब हवी" हा जुना नियम चांगला आहे, पण भेगाळ पत्थरात त्यावर निर्धास्त राहू नये.

म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी २०१८ पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडलं जातं आणि तिथल्या विहिरींना पाणी आलं आहे. पाण्याच्या दर्जावर तिथे वाद आहेत, पण निदान काय सोडलं जातंय ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या सोसायटीत हे पुनर्भरण होतं ते नकळत, फुटक्या पाइपातून.

कागद-पेन्सिल घेऊन आवारात फिरा

प्रयोगशाळेला फोन करण्याआधी एक रविवार सकाळ यासाठी काढा. सोबत प्लंबर आणि सर्वांत जुना वॉचमन घ्या. बिल्डरच्या नकाशात जे नसतं ते या दोघांच्या डोक्यात असतं.

एका मोठ्या कागदावर विहीर किंवा बोअर मांडा आणि साधारण दोनशे पावलांच्या परिसरात काय काय आहे ते टिपा. ड्रेनेजचे चेंबर आणि त्यांना जोडणाऱ्या लाइनी. सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. जुनी, वापरातून गेलेली सेप्टिक टाकी. ती बुजवली की नुसती झाकली, हे विचारा. नाला. कुंपणापलीकडच्या चाळींचे शोषखड्डे. गोठा असेल तर गोठा. गॅरेज, पेट्रोल पंप, लाँड्री, कारखान्याचं शेड. आणि हो, रेन वॉटर हार्वेस्टिंगचे खड्डे. ते मात्र उघडून बघा.

ह्या खड्ड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त घोटाळे मला इथेच सापडले आहेत. कागदोपत्री त्यात गच्चीचं पाणी जातं. प्रत्यक्षात कुणीतरी पार्किंग धुतलेलं पाणी त्यात वळवलेलं असतं, नाहीतर शेजारचा चेंबर तुंबला की त्याचं पाणी उतारावरून सरळ खड्ड्यात उतरतं. एका सोसायटीत एसटीपीचं जास्तीचं पाणी टाकायला जागा नाही म्हणून ते पुनर्भरणाच्या बोअरमध्ये सोडलं होतं, आणि तिथून चाळीस फुटांवरच्या दुसऱ्या बोअरचं पाणी टँकर आला नाही की पिण्याच्या टाकीत घेत होते. सेक्रेटरी अभिमानाने सांगत होते, "मॅडम, आमच्याकडे एक थेंब वाया जात नाही." प्रक्रिया केलेलं असलं, तरी सांडपाणी थेट बोअरमधून भूजलात सोडायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या अटींमध्ये मनाई आहे. ते फ्लशला, बागेला वापरावं.

नकाशावर उताराचा बाणही काढा. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उल्हासची खाडी, तेव्हा भूजलाचा ओढा ढोबळमानाने डोंगराकडून खाडीकडे. विहिरीच्या वरच्या अंगाला जे असेल त्याचा संशय आधी घ्यायचा. पण जोरकस पंप दिवसभर चालत असेल तर तो खालच्या अंगाचं पाणीही आपल्याकडे ओढतो, म्हणून खालच्या बाजूच्या चेंबरला लगेच क्लीन चिट देऊ नका.

वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या औद्योगिक पट्ट्याला लागून राहणाऱ्यांनी एक जादा रकाना करावा. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. म्हणजे काही प्लॉटवर साठ वर्षांत किती धंदे आले-गेले त्याची गणती नाही. आज तिथे आयटी ऑफिस आहे, तीस वर्षांपूर्वी काय होतं ते विचारा.

बोअरची कुंडली

किती फूट खोल, केसिंग (भोकाच्या वरच्या भागात उतरवतात तो पाइप) किती फूट, पाणी किती फुटांवर लागलं, पंप कुठे सोडलाय. बहुतेक सोसायट्यांत याचा कागद नसतो. असल्यास बोअरवाल्याचं बिल असतं, त्यावर खोली आणि केसिंगचे फूट मिळतात कारण पैसे त्याचेच लावलेले असतात. जुनं बिल फेकू नका.

केसिंगचा आकडा खोलीपेक्षा महत्त्वाचा. "आमचा बोअर साडेतीनशे फूट आहे, इतक्या खाली कसली घाण जाणार?" असं लोक म्हणतात. बोअरवाला केसिंग घालतो ते कडक पत्थर लागेपर्यंत, वरचा मुरूम ढासळू नये एवढ्यासाठी. केसिंग आणि भोकाची भिंत यांच्यामध्ये फट राहते, आणि ती सिमेंटची रबडी ओतून बंद करणारे विरळाच. मुरुमात साचलेलं सांडपाणी त्या फटीतून साडेतीनशे फूट सरळ खाली घरंगळतं. बोअर खोल असला म्हणून पाणी खोलवरचं असतं असं नाही.

पाण्याची पातळी मोजायला दोरीला वजन बांधून सोडलं तरी चालतं. आठवड्यातून एकदा, पंप निदान सहा तास बंद असताना, एकाच वेळी मोजा आणि वहीत लिहा. पाऊस नसताना पातळी वर आली तर कुठलीतरी लाईन गळते आहे. ती ड्रेनेजची असेल किंवा महापालिकेच्या नळाचीही असेल. दुसरी शक्यता विसरू नका, कारण नळाची गळती विहिरीतलं पाणी पातळ करून रिपोर्ट गोंडस दाखवते.

बोटांवर मोजायचा हिशोब

हा हिशोब कमिटीसमोर मांडला की सभागृह गप्प होतं. आकडे समजण्यापुरते आहेत, आपापले घालून बघा.

समजा प्लॉट ५,००० चौरस मीटरचा. ठाण्याचा पाऊस वर्षाला सुमारे अडीच मीटर धरू. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक वगळून त्यातला दहा टक्के जमिनीत मुरला, तर वर्षाला १,२५० घनमीटर, म्हणजे साडेबारा लाख लिटर.

आता माणसं. दीडशे फ्लॅट, घरटी चार, म्हणजे सहाशे. सरकारी मापदंडाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर, आणि त्यातलं ऐंशी टक्के गटारात जातं. रोजचं झालं सुमारे ६५ घनमीटर, वर्षाचं साधारण २३,६०० घनमीटर. ड्रेनेज लाईन यातलं फक्त पाच टक्के गळू द्या. १,१८० घनमीटर.

एवढ्याशा गळतीने पावसाची बरोबरी केली. शिवाय पाऊस चार महिने, गळती बारा महिने. मे महिन्यात तुमच्या बोअरमध्ये नेमकं कुणाचं पाणी असेल ते आता सांगायला नको.

नमुना घेताना

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त बघा. मान्यता असते ती एकेका चाचणीसाठी, तेव्हा तुम्हाला हव्या असलेल्या चाचण्या त्यांच्या यादीत आहेत का, ते विचारायला लाजू नका.

आमच्याकडे पहिल्यांदा नमुना न्यायला आलेल्या मुलाने सरळ गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली बाटली धरली. टाकीत महापालिकेचं क्लोरीन घातलेलं पाणी, आणि रिपोर्टवर लिहिणार "बोअरवेल". मी खाली होते म्हणून कळलं. तेव्हा नमुन्याच्या वेळी कमिटीतलं एक माणूस समोर उभं हवंच. नमुना बोअरच्या डिलिव्हरी पाइपवरच घ्यायचा, पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून, पाइपात थांबलेलं पाणी निघून गेल्यावर. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली. बिसलरीची बाटली विसळून चालत नाही. नळाचं तोंड जाळून घ्या, बाटलीच्या आतल्या कडेला बोट लावू नका, बर्फात ठेवा, आणि सहा तासांत पोचवता आली तर उत्तम, चोवीस तासांच्या पुढे तर नकोच. जड धातूंसाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली लागते.

बोअरबरोबर आणखी दोन नमुने द्या : एक नळाच्या पाण्याचा, दुसरा वरच्या अंगाच्या, वस्तीपासून लांबच्या एखाद्या विहिरीचा. खर्च वाढतो, मान्य. पण तुलना नसेल तर आकडा मुका असतो.

रिपोर्ट वाचायचा कसा

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. प्रयोगशाळा शेजारी मर्यादा छापते, सगळे आकडे मर्यादेत असले की सेक्रेटरी खूश. पण मर्यादा सांगते की हे पाणी आज पिण्याजोगं आहे का. आपला प्रश्न वेगळा आहे : यात सांडपाणी आहे का? त्यासाठी आकड्यांची सांगड घालावी लागते.

क्लोराइडपासून सुरुवात करा. मिठाचा हा अंश माणसाच्या लघवीतून, स्वयंपाकघरातून गटारात जातो, आणि जमीन त्याला अडवत नाही. घरगुती वापरातून एकदा गेलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण २० ते ५० मिलीग्रॅम क्लोराइड वाढतं. आपल्याकडे नळाला येणारं धरणाचं पाणी मऊ आणि गोडं, त्यामुळे ही वाढ उठून दिसते. नळात १५ आणि विहिरीत ६० असेल, तर मानकाची २५० ची मर्यादा लांब आहे म्हणून पाठ थोपटून घेऊ नका. वरच्या अंगाच्या विहिरीत किती आहे ते बघा. तिथे २० असेल, तर मधले चाळीस कुठून आले?

मग नायट्रेट. मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम, आणि मानकात त्याला सवलत नाही. इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडणाऱ्या शिकाऊ मुली पाहिल्या आहेत. काही प्रयोगशाळा नायट्रेट "नायट्रोजन म्हणून" देतात. तेव्हा ४५ ऐवजी मर्यादा साधारण १० होते. रिपोर्टवर १२ दिसलं आणि ते नायट्रोजन म्हणून असेल, तर खरं नायट्रेट ५३, म्हणजे नापास. साडेचारने गुणायचं, ढोबळ हिशोबाला पुरतं. नायट्रेट जास्त असलेलं पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी घातक, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. आणि उकळून ते जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट दाट होतं.

पण नायट्रेट कमी असलं म्हणजे सुटलो असंही नाही. सांडपाण्यातला नायट्रोजन आधी अमोनियाच्या रूपात असतो. हवा मिळाली की त्याचं नायट्रेट होतं, आणि पुढे हवा संपलेल्या जागी काही जिवाणू त्या नायट्रेटचाही फडशा पाडतात. म्हणून अमोनिया सापडला तर गळती जवळची आणि ताजी समजा. मर्यादा ०.५ आहे, पण बसाल्टमधल्या विहिरीत मुळात तो नसल्यातच जमा असायला हवा. पाण्याला अंड्यासारखा वास, लोखंडाचा तांबूस साका, नायट्रेट शून्य आणि क्लोराइड चढलेलं, हा मेळ दिसला तर ते पाणी हवेविना कोंडलेलं सांडपाणी असण्याची शक्यता मोठी.

खाडीकाठच्यांना अजून एक कोडं. वाशी, कोपरखैरणे, कळवा, कोलशेतच्या खाडीकडच्या बाजूला, जुन्या खाजणांवर आणि मिठागरांवर भराव घालून उठलेल्या वस्तीत, क्लोराइड समुद्राचंही असू शकतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १९,००० मिलीग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे शंभरात एक भाग खारं पाणी मिसळलं तरी १९० वाढतं. दोन्हींत फरक असा : खाडी आली तर क्लोराइडबरोबर सोडियम, मॅग्नेशियम, सल्फेट चढतात आणि नायट्रेट, अमोनिया जागच्या जागी राहतात. गटार आलं तर नायट्रोजन आणि साबण सोबत येतात. दोन्ही एकदम आले, तर ती विहीर बागेलाही नको.

साबणावरून आठवलं. ऐनवेळी पैसे नसतील तर एक घरगुती युक्ती आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून एक चमकद्रव्य घालतात. औषधाच्या दुकानातला साधा कापूस आधी अंधारात, नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली बघून घ्या. तो चमकत नसला पाहिजे. मग जाळीच्या पिशवीत घालून चार-पाच दिवस विहिरीत सोडा, सावलीत वाळवा, पुन्हा टॉर्चखाली धरा. निळसर चमक आली, तर विहिरीत कुणाच्यातरी वॉशिंग मशीनचं पाणी येतंय. चमक आली नाही तर काहीच सिद्ध होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आमच्या विहिरीतला कापूस असा चमकला की पोरांनी तो घराघरांत नेऊन दाखवला. ड्रेनेज दुरुस्तीचा ठराव त्याच आठवड्यात मंजूर झाला. माझ्या तीन पानी अहवालाने दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते कापसाच्या बोळ्याने केलं.

जंतूंबाबत थोडक्यात. शंभर मिलीलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारा जिवाणू, एकही नको. सापडला तर विष्ठेचा संपर्क नक्की. नाही सापडला तर त्या दिवशी, त्या बाटलीत नव्हता, एवढंच. विषाणू जमिनीत त्याच्यापेक्षा जास्त तग धरतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात नजफगढ नाल्याचं पाणी यमुनेतल्या पाणीपुरवठ्याच्या तोंडाशी आलं. केंद्रात क्लोरीन वाढवलं गेलं, टायफॉइडची साथ आली नाही, पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. आपण ज्याला आज हिपॅटायटिस ई म्हणतो, तो हा. ई. कोलाय शून्य दाखवणारा एक कागद हातात धरून जो बोअर पिण्यासाठी खुला करतो, त्याला मी ही गोष्ट सांगते.

औद्योगिक शेजार असेल तर नेहमीच्या पॅकेजवर अवलंबून राहू नका. त्यात क्रोमियम, शिसं, सॉल्व्हंट बहुतेकदा नसतात. वेगळे मागावे लागतात.

एक रिपोर्ट पुरत नाही

वर्षात चार वेळा : मेच्या अखेरीस, पहिल्या जोरदार पावसानंतर आठवड्याभरात, ऑक्टोबरात आणि जानेवारीत. सगळ्या चाचण्या चारही वेळा नकोत. मे महिन्यात पूर्ण, बाकी वेळा क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया आणि ई. कोलाय पुरेत. मेमध्ये गळतीचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून रसायनं तेव्हा बोलतात. पावसाच्या सुरुवातीला तुंबलेली घाण एकदम खाली ढकलली जाते, म्हणून जंतू तेव्हा सापडतात. ऑक्टोबरचा नमुना वर्षातला सर्वांत देखणा. टँकरवाला दाखवतो तो रिपोर्ट कुठल्या महिन्याचा आहे, हे बघण्याची सवय मला त्यामुळेच लागली.

मधल्या काळात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारं पेन वापरा. ते टीडीएस मोजत नाही, वीज किती वाहते ते मोजून अंदाज करतं, तेव्हा प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळलं नाही म्हणून भांडू नका. पेन तेच ठेवा आणि चढउतार बघा. पाऊस नसताना आकडा अचानक उडी मारतो, तेव्हा आधी ड्रेनेजची झाकणं उघडायची.

कशाला वापरायचं

माझा निकष कडक आहे आणि त्यावरून वादही झाले आहेत. दाट वस्तीतल्या, ड्रेनेज लाइनीच्या जाळ्यात असलेल्या बोअरचं पाणी पिऊ नये, चारही रिपोर्ट पास झाले तरी. फ्लश, बाग, जिने आणि पार्किंग धुणं, बांधकाम, एवढ्यावर ते खर्च करा आणि नळाचं पाणी वाचवा. फवाऱ्याऐवजी ठिबक लावा, तुषार नाकातोंडात जात नाहीत.

खरा धोका असतो टाकीपाशी. नळाला पाणी आलं नाही की वॉचमन बोअरचा व्हॉल्व्ह जमिनीखालच्या मुख्य टाकीकडे फिरवतो, "एकच दिवस आहे" म्हणून. तो व्हॉल्व्ह काढून टाका. बोअरची टाकी वेगळी, लाईन वेगळी, पाइपाचा रंग वेगळा. नुसता बंद व्हॉल्व्ह चालणार नाही, दोन पाइपांमध्ये हातभर मोकळी जागा दिसली पाहिजे.

आणीबाणीत पिण्यासाठी घ्यावंच लागलं, तर गढूळपणा काढून मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या प्रतीची, म्हणजे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर, हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, वर निदान अर्धा तास थांबायचं. पण पाण्यात अमोनिया असेल तर हे गणित कोसळतं, कारण क्लोरीन आधी अमोनियाशी बांधलं जातं. लिटरला २ मिलीग्रॅम अमोनिया म्हणजे हजार लिटरला अडीचऐवजी पन्नास-साठ ग्रॅम पावडर, तेव्हा कुठे मोकळं क्लोरीन उरणार. ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघायची चाचणी, इथे फसवते. मोकळं क्लोरीन असेल तर पिवळा रंग टाकताक्षणी येतो. अमोनियाला बांधलेलं असेल तर तो हळूहळू, मिनिटा-दोन मिनिटांनी चढतो. माणूस गप्पा मारून परत येतो, पिवळं बघतो आणि "आहे क्लोरीन" म्हणून वहीत लिहितो. पहिल्या दहा सेकंदांतला रंग तेवढा खरा. असं अमोनियाचं पाणी पावडर ओतून पिण्याजोगं करण्यापेक्षा फ्लशला ठेवावं आणि पिण्यासाठी नळाचं पाणी खळखळून उकळावं.

दुरुस्ती

चेंबर एकेक करून रात्री दोन-तीन वाजता उघडा. सगळे झोपलेले असताना वरच्या चेंबरमध्ये धार आहे आणि खालच्यात नाही, तर मधला तुकडा गळतो. खर्च शून्य, झोप मात्र मोडते. बोअरच्या तोंडाभोवती चार-पाच फुटांचा सिमेंटचा ओटा घाला, उतार बाहेरच्या बाजूला, केसिंग जमिनीपासून निदान दीड-दोन फूट वर, झाकण घट्ट. हार्वेस्टिंगच्या खड्ड्यात फक्त गच्चीचं पाणी, तेही पहिला पाऊस वाहून गेल्यावर. नवीन बोअर मारणार असाल तर केसिंग पत्थरात पाच-दहा फूट आत उतरवून भोवतालची फट सिमेंटने भरायला सांगा. बोअरवाला कुरकुरेल, "असं कुणी करत नाही" म्हणेल. कामाच्या पत्रातच लिहून घ्या आणि फट भरताना उभं राहा.

लाईन दुरुस्त झाली की पाणी आठवड्यात सुधारेल अशी आशा धरू नका. मुरुमात साठलेलं क्लोराइड आणि नायट्रेट धुऊन निघायला आमच्याकडे तीन पावसाळे लागले. आणि विहीर? ती आता एप्रिलच्या मध्याला हटते. सभेत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "काकू, दुरुस्तीच्या आधी पाणी जास्त होतं हो, नाही का?"